न खोडता केलेली वाटणी

आमच्या भागात वाटणीत आई-बापही वाटतात. रान, विहीर, गोठा, म्हशी सगळ्याची वाटणी झाली की शेवटी भावकीतला कुणीतरी घसा खाकरतो आणि विचारतो, म्हाताऱ्या माणसांचं काय. मग बाप थोरल्याकडं जातो आणि आई धाकट्याकडं. धाकट्याची पोरं लहान असतात, त्यांना सांभाळायला आजी लागते, असं त्याचं कारण सांगतात. म्हातारा-म्हातारीला कुणी काही विचारत नाही. ती दोघंही मान डोलावतात, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वाटणीत तसंच होताना पाहिलेलं असतं.

म्हणून आमच्या घरी मामंजींनी वाटणीचा विषय काढला तेव्हा रानाचं काय होईल याची मला फिकीर नव्हती. डोळ्यांपुढं आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रंगूबाई. मामंजी म्हणजे माझे सासरे मानसिंग, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. लग्न झालं आणि पंधरवड्यात ते ड्युटीवर गेले. पुढं कधी जम्मू, कधी आसाम. वर्षाकाठी सुट्टीला यायचे तेव्हा स्वतःचीच मुलं पाहुणा आल्यासारखी दाराआड लपायची. दोन मुलं, सासू-सासरे, ऊस, जनावरं, सगळं आत्याबाईंनी एकटीनं ओढलं. मामंजी पेन्शनीत निघून घरी आले तेव्हा कुठं या दोघांचा संसार सुरू झाला. आता सकाळी व्हरांड्यात बसून एका कपातला चहा दोघं दोन बशांत ओतून घेतात आणि साखर कमी की जास्त यावर भांडतात. त्या दोघांना दोन घरांत ठेवायचं, हे मला पटणारच नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या धाकट्या जावेबद्दल, संयोगिताबद्दल. त्या वाटणीत मधोमध तीच बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

संयोगिता साताऱ्याकडची, कोरेगाव तालुक्यातली. आम्ही आष्ट्याजवळचे, म्हणजे पक्के सांगलीकर, त्यामुळं सातारकरांना चिडवणं हा आमचा हक्कच. इंजिनिअर सून येणार म्हणून गावात बोलबाला झाला होता. तिची पहिली भाकरी परातीतून तव्यावर गेली तेव्हा आत्याबाईंनी शांतपणे विचारलं की हा नकाशा कुठल्या जिल्ह्याचा. ती हसली आणि म्हणाली, "साताऱ्याचाच असंल, आत्याबाई. महाबळेश्वराच्या बाजूला जरा फाटलाय." तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी या घरात टिकणार.

तिचा एक स्वभाव मला सुरुवातीला कळत नव्हता. ती केलेलं मोडायची नाही. आमच्या घरात आमटीवरून रोज तंटा. मामंजींना जाळ तिखट लागते, आत्याबाईंना तिखटानं ठसका लागतो. मी काय करायची, मामंजी ओरडले की पातेल्यातच चटणी टाकायची. मग आत्याबाई उपाशी उठायच्या आणि मी चिडायची. संयोगितानं पातेल्याला कधी हात लावला नाही. त्यातली दोन पळ्या आमटी छोट्या कढईत काढायची, तिला वेगळी फोडणी द्यायची, की मामंजींचं काम झालं. पातेलं होतं तसं. मला वाटायचं ही आळशी आहे, वरवर करून भागवते. पुढं कळलं की नोकरीतही ती हेच करते आणि त्याचाच तिला पगार मिळतो.

तिची कंपनी पुण्याची. ही इथं माडीवरच्या खोलीत बसून काम करते. कानाला हेडफोन लावून मळ्याच्या बांधावरून फिरत इंग्रजीत बोलायला लागली की आमच्या म्हशी माना वर करून बघतात. दूध संकलन केंद्रांसाठी ते लोक सॉफ्टवेअर बनवतात. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर आणि फॅट मशीनवर चढतं, एवढं मलाही माहीत होतं. एकदा ती आठवडाभर गप्प गप्प होती. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मी खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की केंद्रांवरून अजब तक्रार आली आहे: एखाद्याची सकाळची फॅट चुकली म्हणून दुरुस्त केली, की त्याची आदल्या संध्याकाळची फॅटही आपोआप बदलते.

शेवटी तिला कारण सापडलं. आधी कुणीतरी प्रोग्राम लिहिताना सकाळची यादी वेगळी केलीच नव्हती. संध्याकाळचीच यादी सकाळच्या हाती दिली होती. नावं दोन आणि वस्तू एक. एकीकडं खोडलं की दुसरीकडंही खोडलं जायचं. तिनं आधी सोपा उपाय केला, दर वेळी अख्ख्या यादीची नवी नक्कल. चूक गेली, पण मशीन इतकं हळू झालं की केंद्रावर किटल्यांची रांग लागली. तेव्हा तिनं तो सगळा भाग क्लोजर नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत नव्यानं लिहायला घेतला. तिचे साहेब नाराज होते. या भाषेत जुनी गोष्ट बदलताच येत नाही, दर वेळी नवीच तयार होते, मग मशीनमध्ये जागा किती लागेल, अशी त्यांची भीती.

मलाही तोच प्रश्न पडला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळं न कळलेली गोष्ट सोडून देणं मला जमत नाही. मी म्हटलं, नक्कल करायची नाही आणि बदलायचंही नाही, मग तू करतेस तरी काय?

ती म्हणाली, "आक्का, तुम्ही मतदारयादीच्या कामाला जाता ना? समजा, राज्याची यादी आहे. त्यात जिल्हे, जिल्ह्यात तालुके, तालुक्यात गावं, गावात घरं. एका घरात नवी सून आली. अख्ख्या राज्याची यादी परत लिहायची का?"

मी म्हटलं की तसं करायला लागलं तर आम्ही मास्तर लोक नोकऱ्या सोडून पळून जाऊ.

मग तिनं सांगितलं. त्या घराचं तेवढं नवं पान करायचं. ते पान ज्यात आहे त्या गावाचं एक नवं पान, त्याच्या वरच्या तालुक्याचं, जिल्ह्याचं, आणि सगळ्यात वर राज्याचं एक. बस्स. बाकीची गावं, बाकीचे तालुके, बाकीचे जिल्हे जुनेच. नव्या यादीनं त्यांच्याकडं नुसतं बोट दाखवायचं. जुनी यादीही शाबूत, कारण तिचं एकही पान कुणी फाडलेलं नाही. कालची यादी हवी असली तर कालच्या वरच्या पानापासून खाली वाचत जायचं, आजची हवी असली तर आजच्या. तिच्या भाषेत म्हणे एका पानावर बत्तीस नोंदी बसतात, त्यामुळं लाखो नोंदी असल्या तरी चार पानं उलटली की घर सापडतं.

मी विचारलं, "म्हणजे समजा सून आपल्याकडं आली, तर दोन्ही याद्यांत मिळून आटपाडी तालुका एकच?"

"एकच. आणि तो सामाईक ठेवायला भीती नाही, कारण त्यावर कुणालाच खोडता येत नाही. खोडता येत असतं, तर सामाईक ठेवणं म्हणजे भांडणाला आवतण."

हे मात्र मला ताबडतोब पटलं. सामाईक विहिरीवर डोकी फुटतात ती पाण्यामुळं नाहीत. एकानं दुसऱ्याला न विचारता पाण्याची मोटार हलवलेली असते म्हणून फुटतात.

तर अशी ही आमची धाकटी. आता वाटणीकडं वळते.

घरात भांडण नव्हतं. माझे मालक वीरधवल शेती बघतात. धाकटा जयराज, म्हणजे संयोगिताचा नवरा, आष्ट्यात ठिबक सिंचनाचं दुकान चालवतो. त्यानं तिथंच घर बांधायला काढलं होतं. मामंजींनी सत्तरी ओलांडली आणि एके दिवशी जाहीर केलं की आपल्या डोळ्यांदेखत वाटणी करायची, मागं कटकट नको. फौजी माणूस, ऑर्डर निघाली की निघाली.

आमची रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे करायचे आणि धाकट्यानं त्यातला आधी उचलायचा. रीत चांगली आहे, वाटणाऱ्याला बेइमानी करायला जागा राहत नाही. पण तिच्या जोडीला दुसरी एक रीत आहे आणि ती मोठी वाईट. भावकीसमोर तोंडातून शब्द गेला की गेला, तो मागं घ्यायचा नाही. आमच्याच भावकीत एकानं बैठकीत सहज म्हटलं, "मोटार तू घे की," आणि मोटार गेली. पुढं ऊस वाळला, तरी शब्द बदलता येईना. ते दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांच्या घरच्या लग्नालाही गेले नाहीत. तेव्हापासून वाटणीच्या बैठकीत सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. जो आधी बोलेल तो अडकेल.

आमच्याकडं तेच झालं. भावकीतली चार माणसं आणि वडीलधारे म्हणून जोतीरामतात्यांना बोलावलं. ते मामंजींचे चुलतभाऊ, रीतीभातीला पक्के, कुणाच्या घरी जेवायला कितव्या पंगतीला बसायचं हेसुद्धा त्यांच्याकडून ठरायचं. पहिल्या बैठकीत ते पावसावर बोलले, साखर कारखान्यावर बोलले, कुणाच्या तरी सोयरिकीवर बोलले. वीरधवल जमिनीकडं बघत बसले. जयराज मोबाईलकडं. चहा झाला आणि बैठक उठली. दुसऱ्या बैठकीतही तेच, फक्त चहाबरोबर भडंग होतं. ते भडंग आणि चहा करणाऱ्या आम्ही, पण वाटणीत आमचं मत काय हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. तेवढाच माझा आवाज बैठकीपर्यंत गेला.

संयोगिता कप विसळत होती. तिनं विचारलं की ही माणसं बोलत का नाहीत. मी तिला मोटारीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ तोच कप विसळत राहिली.

"म्हणजे यांना रान सोडायची भीती नाही," ती म्हणाली. "बोललेलं परत येत नाही याची भीती आहे."

मी म्हटलं, तसंच समज.

"मग आधीचं जसंच्या तसं राहिलं तर बोलतील?"

मी तिला म्हटलं, बाई, तुझं डोकं कंपनीच्या दुधात घाल, इथं घालू नकोस. पण तिनं ऐकलं नाही. पुढचे काही दिवस दुपारच्या सुट्टीत ती माझ्या मागं लागायची. नदीकडच्या रानाला बांध कुठं, पाणंदीच्या, म्हणजे बैलगाडीच्या वाटेकडच्या, तुकड्याला पाणी कुठून येतं, मळ्यातली चिंच कुणाच्या हद्दीत, सगळं विचारून घेतलं. मी कुरकुरत सांगितलं. खरं तर मला बरं वाटत होतं. या घरात येऊन वीस वर्षं झाली, रानाबद्दल मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

तिसरी बैठक रविवारी दुपारी होती. संयोगितानं मामंजींची परवानगी काढून लॅपटॉपची वायर हॉलमधल्या टीव्हीला जोडली. पडद्यावर डावीकडं थोरला, उजवीकडं धाकटा, आणि रानाचे तुकडे, गोठा, ट्रॅक्टर, झाडं अशा सगळ्यांच्या रंगीत चौकटी. खाली एकच ठिपका होता, म्हणजे पहिली मांडणी. आत्याबाई दाराशी सुपात लसूण घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या मागं उभी.

तात्यांनी पडद्याकडं बघून मान हलवली. "पोरी, लिवलं म्हंजे ठरलं. आपल्यात असंच चालत आलंय."

"तात्या, ह्यात ठरत काय न्हाई," संयोगिता म्हणाली. "तुमी सांगायचं, मी मांडायचं. नवी मांडणी झाली तरी आदली जिथल्या तिथं ऱ्हाते."

"खोडत न्हाईस?"

"खोडायला येतच न्हाई ह्यात."

तात्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी नुसती परीक्षा म्हणून सांगितलं की नदीकडचं रान धाकट्याला टाक. तिनं टाकलं. खाली दुसरा ठिपका उमटला आणि दोन्हींत एक रेघ. तात्या म्हणाले, आता पहिलं दाव. तिनं पहिल्या ठिपक्यावर नेलं आणि नदीकडचं रान परत आपल्या जागी. तात्यांनी दुसरं मागितलं, पहिलं मागितलं, परत दुसरं मागितलं. मग पुढं सरकून बसले. मळा मधून तोडला तर? पाणंदीचा तुकडा आणि गोठा अदलाबदल केला तर? प्रत्येक वेळी एक ठिपका वाढत गेला. कधी शेवटच्या ठिपक्यातून रेघ निघायची, कधी मधल्याच एखाद्या ठिपक्यातून फांदी फुटायची, कारण तात्या म्हणायचे, "त्ये नगं, मगाचच्यावरनं जा." खेळणं हाती लागलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

आणि मग वीरधवल बोलले. दोन बैठका ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता ते माझे मालक म्हणाले, ट्रॅक्टर जयराजला दाखव बरं, त्याच्या दुकानाला वाहतुकीला लागतो, मी भाड्यानं आणीन. जयराजनं मोबाईल खिशात घातला. तो म्हणाला की असं असेल तर मळ्यातली विहीर दादाकडं जाऊ दे, मला बोअर चालेल. दोघं एकमेकांना देत सुटले. मलाही राहवेना. मी दारातूनच म्हटलं की मळ्यातल्या चिंचेखाली आम्ही बायका भांगलणीचं तण काढून झालं की भाकरी खातो, ती चिंच जाईल तिकडं जाऊ दे, पण तिच्याकडं जायची वाट दोघांची ठेवा. सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. संयोगितानं काही न बोलता वाट सामाईक दाखवून नवा ठिपका काढला. वीरधवल म्हणाले, "हे ऱ्हाऊ दे." माझा ऊर भरून आला, लपवायचं काय त्यात.

चहाच्या वेळेपर्यंत मांडणी जवळजवळ जुळली होती. दोन वाटे असे बसले होते की कुठलाही उचलला तरी दुसऱ्याला वाईट वाटू नये. मी मनात म्हणत होते, इथंच थांबा, आता उठा.

तात्या उठले नाहीत. त्यांनी घसा खाकरला.

"आन् म्हातारा-म्हातारी?"

हॉलमध्ये परत पहिल्या बैठकीसारखं झालं. वीरधवल जमिनीकडं बघायला लागले. जयराजच्या आष्ट्यातल्या घराचा स्लॅब पडला होता, दिवाळीला तो, संयोगिता आणि त्यांची मुलगी तिकडं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे एक जण इथं आणि एक जण आष्ट्यात. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांची बोटं लसणावर थांबली होती, पण मान वर नव्हती.

 संयोगितानं आपण होऊन ती चौकट केलेलीच नव्हती. म्हशी होत्या, झाडं होती, कडबाकुट्टीसुद्धा होती, पण ही दोघं नव्हती.

मामंजीच बोलले. ताठ बसून, ऑर्डर वाचल्यासारखं. "घाल, पोरी. रीत हाय ती हाय. मी थोरल्याकडं, ही धाकट्याकडं. माझा शब्द हाय."

त्या पोरीच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. धाकटी सून, भावकी बसलेली, सासऱ्याचा शब्द. सोयीनं पाहिलं तर तिच्याच फायद्याचं होतं. तिची मुलगी अंगणवाडीतली, स्वतःचं काम दिवसभराचं, आजी घरात हवीच होती तिला. तिनं दोन चौकटी केल्या. मामंजी डावीकडं, आत्याबाई उजवीकडं. खाली ठिपका उमटला. ट्रॅक्टर आणि बोअरच्या रांगेत आत्याबाईंचं नाव मला वाचवेना.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. उठून टीव्हीपाशी गेल्या, पदर सारखा केला आणि बोट दाखवून विचारलं, "संयू, ही जी एवढी चित्रं काडलीस, त्या परत्येकात ती चिंच येगळी लावलीस व्हय?"

"न्हाई आत्याबाई. चिंच एकच हाय. पयल्या मांडणीपास्नं तिला कुनी हात लावला न्हाई, म्हणून सगळ्या मांडण्या त्या एकाच चिंचेकडं बघत्यात."

"म्हंजे ज्येला हात लावला न्हाई, ते समद्यांचं ऱ्हातं."

"व्हय."

"मग आमाला बी हात लावू नगा."

खरं सांगायचं तर आत्याबाईंची यात गल्लत झाली होती. निरनिराळ्या मांडण्यांत एक गोष्ट सामाईक असणं वेगळं आणि दोन भावांत सामाईक असणं वेगळं. संयोगिताला ते माझ्या आधी कळलं असणार. चुकीला चूक म्हणायची तिला कामातून सवय आहे, पण त्या वेळी तिनं दुरुस्ती केली नाही.

तात्या अस्वस्थ झाले. त्यांनी समजुतीच्या स्वरात आत्याबाईंना सांगितलं की वहिनी, रीत आपण पाडलेली नाही, आणि आष्टा काही लांब नाही, सणावाराला भेट होईल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मामंजी मात्र नुसतं म्हणाले, "मी बोललोय, रंगू. भावकीत बोललोय."

आमच्या घरात मामंजींना उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आत्याबाईंकडून तर नाहीच. त्या त्यांच्याकडं वळल्या. आवाज चढला नाही.

"तुमास्नी फौजेला दिलं तवा मला कुनी इचारलं न्हवतं. मी बी काय बोलले न्हाई. पोरं एकटीनं वाडवली. आता न्हाई देत. थोरल्याला न्हाई आन् धाकट्याला बी न्हाई."

 मामंजी अडकले होते, आणि ते कबूल करायची त्यांना चोरी होती. आत्याबाईंचं म्हणणं त्यांना आतून पटलं होतं हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण शब्द मागं घेतला तर जन्मभर ज्याच्या जोरावर ताठ चालले तेच मोडणार. भावकीतली बाकीची माणसं त्यांच्याकडं बघत होती. मोटार गेलेला तो भाऊही त्यात बसलेला होता.

तेव्हा संयोगिता बोलली. सावकाश, कंपनीतल्या साहेबांना सांगते तशी.

"मामा, तुमचा शब्द कुनी मागं घेत न्हाई. तुमी म्हनाला तसं मी मांडलं, ते हितं हाय, आन् हितंच ऱ्हानार. त्येला खोडता येत न्हाई." तिनं शेवटच्या ठिपक्यावर बाण नेला. मग एक ठिपका मागं, जिथं रान, विहीर, चिंचेची वाट सगळं होतं आणि ती दोन नावं नव्हती. "आन् हे आत्याबाई म्हनत्यात ते. ह्यात तुमी दोघं खालच्या खोल्यांत, जिथं हाय तिथं. दोघं मिळून कवा आष्ट्याला या, कवा हितं ऱ्हावा. करायचं आमी दोन्ही सुनांनी. दोन्ही मांडण्या खऱ्या हायती. म्होरं कुटल्यावरनं जायचं, एवढंच इचारते."

  शब्द मोडलेला नव्हता, तो सगळ्यांच्या समोर पडद्यावर उभा होता. रीतीच्या माणसालाही त्यात बोट घालायला जागा नव्हती.

मामंजींनी टीव्हीकडं बघितलं नाही. त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं, खूप वेळ, सुट्टी संपवून निघायच्या दिवशी बघत असतील तसं.

"हिच्या," ते म्हणाले. "हिच्यावरनं जा."

संयोगितानं मागच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तिथून पुढची मांडणी सुरू केली. मामंजींच्या शब्दाचा ठिपका अजून तिच्या मशीनमध्ये आहे. त्याच्यापुढं एकही रेघ गेलेली नाही.